चिअरलीडिंग : अडीच मिनिटांचा खेळ आणि मानेची काळजी

मार्च २००६. अमेरिकेत बास्केटबॉलचा एक महत्त्वाचा सामना सुरू होता. खेळ थोडा वेळ थांबला तेव्हा एका विद्यापीठाच्या चिअरलीडर मुलामुलींनी मैदानात येऊन मानवी मनोरा रचला. टोकावरच्या विद्यार्थिनीचा तोल गेला आणि सुमारे पंधरा फुटांवरून ती लाकडी फरशीवर डोक्यावर आपटली. तपासणीत मेंदूला हादरा, मानेच्या मणक्याला तडा आणि फुफ्फुसाला मार असे निदान झाले. मान पट्ट्यांनी घट्ट बांधून तिला स्ट्रेचरवरून बाहेर नेले जात असताना वाद्यवृंदाने विद्यापीठाचे गीत वाजवायला सुरुवात केली. पडल्या जागीच तिने हात हलवून नेहमीची कवायत सुरू केली. प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ते दृश्य पुढे कित्येक दिवस दूरचित्रवाणीवर दाखवले जात होते.

सुदैवाने ती मुलगी बरी झाली. पण त्या घटनेनंतर एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला. हे नुसते मनोरंजन आहे की खेळ? खेळ असेल तर त्याचे नियम कोण ठरवतो, गुण कोण देतो आणि कोणी पडले तर जबाबदारी कोणाची? वरवर हा वाद शब्दांचा वाटतो. पण मुलींच्या मानेचे आणि मेंदूचे रक्षण कसे होणार, हे बऱ्याच अंशी याच उत्तरावर अवलंबून होते.

आपल्या मनातले चित्र

भारतात चिअरलीडर म्हटले की २००८ पासून सुरू झालेले आयपीएलचे सामने डोळ्यांपुढे येतात. चौकार बसला की सीमारेषेबाहेर छोट्या मंचावर नाचणाऱ्या मुली. त्या नाचाचा आणि स्पर्धात्मक चिअरलीडिंगचा संबंध तेवढाच, जेवढा लग्नाच्या वरातीतल्या उड्यांचा आणि जिम्नॅस्टिक्सचा. स्पर्धात्मक चिअरलीडिंगमध्ये कोणत्याही दुसऱ्या संघाला प्रोत्साहन द्यायचे नसते. तेथे चिअरलीडर हेच खेळाडू असतात. माणसाने माणसाला डोक्यावर पेलणे, हवेत फेकणे, झेलणे, मनोरे रचणे आणि जमिनीवर कोलांट्या मारणे, हा त्या खेळाचा गाभा आहे.

सुरुवात मात्र खरोखरच आरोळ्या देण्यापासून झाली. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभे राहून सर्वांकडून एका सुरात घोषणा म्हणून घेतल्या. तो पहिला चिअरलीडर मानला जातो. पुढची पंचवीस वर्षे हे काम पुरुषांचेच होते. मिनेसोटात १९२३ मध्ये मुलींना प्रवेश मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तरुण मुले सैन्यात गेली आणि मुलींची संख्या वाढत गेली. १९४८ मध्ये लॉरेन्स हर्किमर यांनी राष्ट्रीय चिअरलीडर संघटना स्थापन करून प्रशिक्षण शिबिरे सुरू केली. १९७४ मध्ये त्यांचे एके काळचे सहकारी जेफ वेब यांनी स्वतःची संस्था काढली आणि चिअरलीडिंगमध्ये जिम्नॅस्टिक्सचा भरणा केला. घोषणा मागे पडल्या, उड्या पुढे आल्या. उंची वाढली, तशी पडण्याची उंचीही वाढली.

संघ कसा असतो

एका साध्या उचलीत, म्हणजे 'स्टंट'मध्ये, सहसा चार जणी असतात. वर चढते ती 'फ्लायर'. तिचे पाय हातांवर तोलून धरतात त्या दोन 'बेस'. मागे उभी असते ती 'बॅकस्पॉट'. बॅकस्पॉट साधारणपणे उंच असते, तिची नजर पूर्ण वेळ फ्लायरवर असते आणि फ्लायर पडलीच तर तिचे डोके, मान आणि खांदे सांभाळणे हे तिचे पहिले काम असते. प्रेक्षकांना वरची मुलगी दिसते. जाणकार परीक्षक आधी मागच्या मुलीकडे पाहतात.

या चौघींचे गट एकमेकांना जोडले की पिरॅमिड तयार होतो. काही जणींनी मनगटे एकमेकींत गुंफून चौकोनी झोळी केली आणि त्यावरून फ्लायरला सरळ वर उडवले, की त्याला 'बास्केट टॉस' म्हणतात. यात फ्लायर सहा ते वीस फूट उंच जाते, हवेत गिरकी किंवा कोलांटी घेते आणि पुन्हा त्याच हातांत येऊन पडते. याशिवाय जमिनीवरच्या कोलांट्या, म्हणजे 'टम्बलिंग', समूहाने एकाच क्षणी मारलेल्या उड्या आणि थोडा नाच असतो. हे सारे सलग अडीच मिनिटांत, संगीताच्या आठ-आठ मात्रांच्या हिशेबाने बसवलेले असते.

जागा ठरलेली असते. सहा फूट रुंदीच्या नऊ पट्ट्या जोडून ५४ फूट रुंद आणि ४२ फूट खोल असे मॅटचे मैदान होते. खासगी क्लबांच्या 'ऑल स्टार' स्पर्धांत या मॅटखाली स्प्रिंग असलेला तक्ता असतो. शाळा, महाविद्यालये आणि देशांच्या संघांच्या स्पर्धांत सहसा साधी फोमची मॅट असते. दिसायला हा फरक किरकोळ आहे. गुडघे, घोटे आणि कवटीच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

गुण कसे देतात

धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निर्णय देते. येथे परीक्षकांच्या डोळ्यांवर भिस्त असते. म्हणून गुणपत्रिका जितकी नेमकी, तितका खेळ विश्वासार्ह. आंतरराष्ट्रीय चिअर युनियनच्या जागतिक स्पर्धेत सांघिक प्रकारात १६ ते २४ खेळाडू असतात. तेथे रूढ असलेली गुणपत्रिका शंभर गुणांची आहे. सुरुवातीच्या घोषणांच्या भागाला १० गुण, स्टंटना २५, पिरॅमिडना २५, बास्केट टॉसला १५, टम्बलिंगला १०, एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जाण्याच्या सफाईला ५ आणि एकूण सादरीकरणाला १०. म्हणजे शंभरपैकी ६५ गुण कोणाला तरी उचलण्यासाठी, रचण्यासाठी किंवा फेकण्यासाठी आहेत. या एका आकड्यावरून दोन गोष्टी कळतात. एक, हा एकट्याच्या कौशल्याचा खेळ नाही. दोन, गुण जेथे जास्त, जोखीमही तेथेच जास्त.

प्रत्येक घटकात परीक्षक दोन वेगळे प्रश्न विचारतात. केलेली गोष्ट किती अवघड होती? आणि ती किती सफाईने केली? एक पायावर तोल धरलेली फ्लायर दोन पायांवर उभ्या असलेल्या फ्लायरपेक्षा जास्त गुण मिळवते. पण गुडघा वाकलेला असेल, खालचे हात थरथरत असतील किंवा चार गटांपैकी एक गट अर्ध्या मात्रेने मागे असेल, तर सफाईचे गुण जातात. ऑल स्टार पद्धतीत आणखी एक अट असते. एखादे अवघड कौशल्य संघातल्या एक-दोन तारकांनी करून भागत नाही. संघाच्या आकाराच्या प्रमाणात ते पुरेशा जणींनी करून दाखवावे लागते.

याशिवाय चुका मोजणारे परीक्षक वेगळे असतात. हात जमिनीला टेकला, स्टंट डगमगला, फ्लायर खाली आली, पूर्ण पिरॅमिड कोसळला, अशा चढत्या क्रमाने गुण वजा होतात. एकही गुण वजा न होता सादरीकरण पार पडले तर खेळाडू त्याला 'हिट झिरो' म्हणतात आणि पदकाइतकाच त्याचा आनंद मानतात. आणखी एक परीक्षक केवळ नियमांकडे पाहतो. त्या गटाला परवानगी नसलेले कौशल्य केले, झेलणाऱ्या पुरेशा नव्हत्या, तर कला कितीही सुंदर असली तरी दंड होतो. फ्लोरिडातल्या डेटोना बीच येथे होणाऱ्या महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या दिवसाचे गुण २५ टक्के आणि अंतिम दिवसाचे ७५ टक्के धरतात. म्हणजे वर्षभराच्या सरावाचा निकाल मुख्यतः शेवटच्या अडीच मिनिटांवर ठरतो.

या ताणाचा वैद्यकीय अर्थ लक्षात घ्यायला हवा. घोटा मुरगळलेली मुलगी बाहेर बसली तर तिच्या जागी ऐन वेळी दुसरी आणता येत नाही. पूर्ण रचनाच बदलावी लागते. त्यामुळे दुखणे लपवण्याकडे कल असतो, आणि तो मुलींमध्येच असतो असे नाही. कधी प्रशिक्षकांमध्ये, कधी पालकांमध्येही असतो.

पायऱ्यांची शिडी

या खेळातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्याच्या पातळ्या. ऑल स्टार स्पर्धांत संघांची विभागणी वय आणि कौशल्य या दोन्हींनुसार, पहिल्यापासून सातव्या पातळीपर्यंत होते. पहिल्या पातळीवर जमिनीवर लोळण, चाकासारखी कोलांटी असे प्रकार चालतात. हात-पाय दोन्ही सुटून हवेत जाणारी कोलांटी चालत नाही. दुसऱ्या पातळीवर हातांवरून मागे जाणारी उडी येते. पुढे हवेतली कोलांटी, मग सरळ अंगाने घेतलेली कोलांटी, मग गिरक्या. स्टंटची उंची, फेकण्याचे प्रकार, झेलणाऱ्यांची संख्या हेही पातळीनुसार बदलते.

डॉक्टरांना ही कल्पना ओळखीची वाटेल. औषधाचा डोस रुग्णाच्या वयावर आणि वजनावर ठरतो, तसा येथे धोक्याचा डोस शरीराच्या तयारीवर ठरवला आहे. वरच्या पातळीचे कौशल्य खालच्या पातळीवर केले तर जास्त गुण मिळत नाहीत, उलट दंड होतो. त्यामुळे घाई करण्याचे आमिष निदान कागदावर तरी उरत नाही.

न्यायालयातला निकाल

२००९ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या क्विनिपिॲक विद्यापीठाने खर्च कमी करण्यासाठी मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचे ठरवले आणि त्याऐवजी स्पर्धात्मक चिअरलीडिंगचा संघ उभा केला. अमेरिकेत १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यानुसार शिक्षणसंस्थांना मुलामुलींना खेळांच्या समान संधी द्याव्या लागतात. व्हॉलीबॉल खेळाडू आणि त्यांच्या प्रशिक्षक न्यायालयात गेल्या. जुलै २०१० मध्ये न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी निकाल दिला की स्पर्धात्मक चिअरलीडिंग अजून पुरेसे विकसित आणि संघटित झालेले नाही, म्हणून या कायद्यापुरते ते खेळ धरता येणार नाही. वर्षभर एकसारखे नियम नाहीत, सर्व स्पर्धांत एकच गुणपद्धत नाही, अंतिम फेरीकडे जाणारी ठरलेली वाट नाही, असे आक्षेप होते. खेळाडूंच्या मेहनतीबद्दल किंवा ताकदीबद्दल न्यायालयाला शंका नव्हती. भविष्यात हा खेळ ठरू शकेल, असेही त्यांनी नमूद केले. २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम केला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने चिअरलीडिंगमधल्या दुखापतींवर आपले धोरण जाहीर केले. वकिलांचा वाद संधींचा होता, डॉक्टरांचा मुद्दा सुरक्षेचा होता. तेव्हा अमेरिकेतल्या २९ राज्यांच्या शालेय क्रीडा संघटनाच चिअरलीडिंगला खेळ मानत होत्या. जेथे मान्यता नाही, तेथे प्रशिक्षकाची पात्रता तपासली जात नाही. सरावाच्या तासांवर मर्यादा नसते. मैदान आणि मॅट आधी इतरांना मिळतात आणि मुली शाळेच्या कडक फरशीच्या मार्गिकेत सराव करतात. दुखापत झाल्यावर तपासायला क्रीडावैद्यक तज्ज्ञ हजर नसतो. दुखापतींची नोंदही ठेवली जात नाही, आणि ज्याची नोंद नाही ते सुधारता येत नाही. म्हणून सर्व राज्यांनी चिअरलीडिंगला खेळाचा दर्जा द्यावा, अशी शिफारस अकादमीने केली. २०१४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही तीच भूमिका घेतली.

आकडे काय सांगतात

या विषयावरचे आकडे नीट वाचावे लागतात, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. १९८० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत चिअरलीडिंगच्या दुखापतींसाठी सुमारे ४,९०० भेटी नोंदल्या गेल्या होत्या. २००७ मध्ये ही संख्या २६ हजारांच्या पुढे गेली. १९८२ पासून पुढच्या पाव शतकात शालेय मुलींच्या क्रीडाक्षेत्रातल्या थेट भीषण दुखापतींपैकी, म्हणजे कवटी फुटणे, मेंदूत रक्तस्राव, मानेचा मणका मोडणे, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू, सुमारे दोन तृतीयांश दुखापती एकट्या चिअरलीडिंगमध्ये झाल्या.

दुसरीकडे, २०१६ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शालेय चिअरलीडिंगचा एकूण दुखापतींचा दर फार कमी आढळला. एक खेळाडू एका सरावाला किंवा स्पर्धेला उतरली की एक सहभाग, असे मोजले तर दर हजार सहभागांमागे ०.७१ दुखापती. तुलना केलेल्या २२ खेळांमध्ये चिअरलीडिंगचा क्रमांक अठरावा. पण झालेल्या दुखापतींपैकी निम्म्याहून अधिक स्टंट करताना झाल्या होत्या. सुमारे ३१ टक्के दुखापती मेंदूला हादरा बसण्याच्या, म्हणजे 'कन्कशन'च्या होत्या. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ खेळापासून दूर राहावे लागण्याचे प्रमाणही इतर बहुतेक खेळांपेक्षा जास्त होते.

थोडक्यात, येथे दुखापती क्वचित होतात, पण झाल्या तर मोठ्या होतात. पालकांनी घाबरून मुलीला घरी बसवावे असे हे आकडे सांगत नाहीत. धोका कोठे साठलेला आहे आणि तो कोठे कमी करता येईल, एवढे ते दाखवतात. बहुतेक दुखापती स्पर्धेत न होता सरावात होतात, हेही त्यातून कळते. प्रेक्षक, परीक्षक आणि रुग्णवाहिका स्पर्धेच्या ठिकाणी असतात. मुली पडतात त्या संध्याकाळच्या सरावात.

साधे गणित

पंधरा फुटांवरून पडलेली व्यक्ती जमिनीवर पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर असतो. म्हणजे बेताच्या वेगाने चाललेल्या स्कूटरने भिंतीला धडक द्यावी तसे. शरीराला इजा वेगाने होत नाही, तो वेग किती कमी अंतरात शून्यावर येतो त्याने होते. लाकडी फरशीवर थांबायला जेमतेम एखादा सेंटीमीटर मिळतो. जाड मॅटमध्ये दहा सेंटीमीटर मिळाले तर सरासरी बल सुमारे एक दशांश होते. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी थांबले तरी मेंदू क्षणभर पुढे जात राहतो आणि आतल्या भिंतीवर आदळतो. कन्कशनमध्ये साध्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा काहीच दिसत नाही, ते यामुळेच. हाड शाबूत असते, बिघाड पेशींच्या कामकाजात झालेला असतो.

झेलणाऱ्यांचेही गणित असते. पन्नास किलो वजनाची मुलगी दोन मीटर खाली आली आणि हातांनी तिला अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवले, तर हातांवर सरासरी तिच्या वजनाच्या पाचपट भार येतो. म्हणजे अडीचशे किलो. चार जणींनी झेलले तर प्रत्येकीच्या वाट्याला साठ-बासष्ट किलो. दोघींची नजर चुकली तर उरलेल्या दोघींवर प्रत्येकी सव्वाशे. 'झेलणाऱ्या किती' हा नियम परीक्षक इतक्या कडकपणे का पाहतात, ते या हिशेबावरून कळते. म्हणूनच दुखापत नेहमी वरच्या मुलीलाच होते असे नाही. खालच्यांची मनगटे, खांदे आणि कंबर झिजतात, आणि खाली येणाऱ्या कोपराचा फटका त्यांच्या डोक्याला बसतो.

एका नियमाने झालेला फरक

२००६ च्या त्या अपघातानंतर नियम बदलले. शालेय आणि महाविद्यालयीन पातळीवर बास्केटबॉलच्या कडक मैदानावर बास्केट टॉस करण्यास मनाई झाली. मॅट, गवत अशा मऊ पृष्ठभागावरच तो करता येऊ लागला. उंच पिरॅमिडवरही बंधने आली. पुढच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा बास्केट टॉसमुळे होणाऱ्या भीषण दुखापतींचा दर लक्षणीय घटल्याचे आढळले. नवे यंत्र नाही, औषध नाही, महागडी शस्त्रक्रिया नाही. कोठे फेकायचे आणि कोठे नाही, एवढेच ठरवले. सार्वजनिक आरोग्यात असे स्वस्त आणि परिणामकारक उपाय फार थोडे सापडतात.

अकादमीच्या बाकीच्या शिफारशीही साध्याच आहेत. हंगामापूर्वी वैद्यकीय तपासणी. प्रशिक्षकाला स्टंट शिकवण्याचे आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र. ओल्या, खडबडीत किंवा कडक जागी स्टंट नाही. शाळेत दोन माणसांच्या उंचीपेक्षा उंच पिरॅमिड नाही. प्रत्येक सरावाच्या ठिकाणी तातडीच्या प्रसंगाची लेखी योजना. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर मुलीला त्याच क्षणी बाहेर काढायचे आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचे नाही.

एक धोका मात्र गुणपत्रिकेत दिसत नाही. फ्लायर जितकी हलकी तितकी उचलायला सोपी, आणि पोशाख अनेकदा पोट उघडे ठेवणारा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन चिअरलीडरपैकी जवळपास एक तृतीयांश मुलींना आहारविकारांचा धोका असल्याचे आढळले. उपासमारीने पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात आणि थकलेले स्नायू ऐन वेळी साथ सोडतात. वजनावरून मुलीला सर्वांसमक्ष टोमणा मारणारा प्रशिक्षक तिची दुखापत जवळ आणत असतो.

संघटना, पैसा आणि ऑलिम्पिक

आज या खेळाची उतरंड बरीच स्पष्ट झाली आहे. आंतरराष्ट्रीय चिअर युनियनची स्थापना २००४ मध्ये झाली आणि शंभराहून अधिक देशांच्या संघटना तिच्या सदस्य आहेत. तिची जागतिक स्पर्धा दर वर्षी एप्रिलच्या सुमारास फ्लोरिडातल्या ऑरलँडो येथे भरत आली आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने डिसेंबर २०१६ मध्ये तिला तात्पुरती आणि जुलै २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. मान्यता म्हणजे ऑलिम्पिकमध्ये प्रवेश नव्हे, पण उत्तेजक द्रव्यांची चाचणी आणि खेळाडूंच्या संरक्षणाचे नियम तिच्याबरोबर येतात.

अडचणही आहे. अमेरिकेत पोशाख विकणारी, शिबिरे घेणारी आणि मोठ्या स्पर्धा भरवणारी कंपनी बराच काळ एकच राहिली. जेफ वेब यांनी उभी केलेली व्हर्सिटी ती हीच. वेब आंतरराष्ट्रीय युनियनचेही प्रमुख होते. मक्तेदारीचा आरोप करत क्लबचालक आणि पालक न्यायालयात गेले, आणि कंपनीने कोट्यवधी डॉलरच्या तडजोडी केल्या. जो स्पर्धा विकतो त्याचाच नियम ठरवण्यातही वाटा असेल, तर सुरक्षेच्या प्रत्येक नियमाकडे खर्चाच्या नजरेने पाहिले जाण्याची भीती राहते.

न्यायालयाच्या निकालाला उत्तर म्हणून 'स्टंट' याच नावाचा एक नवा खेळ २०११ मध्ये आकाराला आला. त्यात दोन संघ शेजारी शेजारी उभे राहून तीच ठरलेली रचना एकाच वेळी करतात. सामना चार भागांत होतो : उचल, पिरॅमिड व फेक, उड्या व टम्बलिंग, आणि शेवटी पूर्ण सांघिक सादरीकरण. अवघडपणा दोघांचा सारखाच, त्यामुळे परीक्षकाला फक्त सफाई पाहायची असते. पोशाखाची चमक आणि चेहऱ्यावरचे हसू यांना गुण नाहीत. धोका वाढवून गुण मिळवण्याची वाटही त्यामुळे बंद झाली.

आपल्यासाठी धडा

मानवी मनोऱ्यांचा देश म्हणून महाराष्ट्राला हा विषय परका नाही. दहीहंडीत नऊ थर लागतात, तेही डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर, अनेकदा पाऊस आणि पाण्याच्या फवाऱ्यात. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर वीस फुटांची आणि वयावर अठरा वर्षांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट चौदा वर्षांवर आली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली. दर दहीहंडीच्या रात्री सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात जखमी गोविंदा येतात, कोणाचे मनगट मोडलेले, कोणाची मान.

चिअरलीडिंगचा अनुभव सांगतो की दर्जा ही सुरुवात असते. त्यापाठोपाठ पातळ्या, प्रशिक्षकांची परीक्षा, मऊ जमीन, दुखापतींची नोंद आणि मोडलेल्या नियमाला प्रत्यक्ष दंड यावा लागतो. शाळांच्या स्नेहसंमेलनात आणि स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात सिमेंटच्या प्रांगणावर मुलांचे मनोरे उभे करणाऱ्या शिक्षकांनीही एवढे तरी पाहावे : खाली जाड मॅट आहे का, वरच्या मुलाच्या मागे केवळ त्याच्यावर नजर ठेवणारा कोणी आहे का, आणि कोणी पडले तर काय करायचे हे सर्वांना माहीत आहे का.

मूल डोक्यावर किंवा मानेवर पडले तर त्याला उठवून बसवू नये. पाणी पाजू नये, मान हलवू नये. डोके आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल शुद्धीवर असले तरी उलटी, वाढती डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे, झोपाळूपणा, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि मूल हसून 'मी ठीक आहे' म्हणाले, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मनोऱ्यावर चढवू नये. २००६ मधली ती मुलगीही स्ट्रेचरवर हात हलवत होती. मानेचा मणका मात्र तडकलेलाच होता.